नऊ पॉइंट आठ

दिवाकर सरांचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि त्या आनंदात त्यांनी सकाळी साडेसातला भिलाईच्या सिविक सेंटरजवळच्या ठेल्यावर उभ्या-उभ्या दोन जिलब्या हाणल्या. माणूस सत्तावन्न वर्षांचा, अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवणारा, अंगात स्वेटर, स्वेटरवर पाकाचा थेंब. पण त्या घटकेला कोणी पाहिलं असतं तर परीक्षा संपलेला पोरगाच वाटला असता. आणि परीक्षाच होती ती. चार महिने कारल्याचा रस, चार महिने मेथीदाणे, चार महिने कुरुद भागातल्या घरापासून तळ्यापर्यंत पहाटेच्या फेऱ्या, आणि घरात माधवीबाईंचा पहारा असा कडक की साखरेचा डबा कुठल्या फळीवर गेला याचा सरांना अजून पत्ता लागलेला नव्हता. उपाशीपोटीची साखर: अठ्ठ्याण्णव. सरांनी हा आकडा काउंटरवर वाचला, जिन्यात वाचला, खाली येऊन चष्मा पुसून पुन्हा वाचला. बाकीचे आकडेही हद्दीत होते. एक युरिक ॲसिड तेवढं हद्दीच्या केसभर बाहेर, सात पॉइंट तीन, जाड अक्षरात. सरांना तेही आवडलं. सगळंच गुळगुळीत असतं तर उगाच शंका आली असती. साखरेच्या आकड्याची सरांना एवढी धास्ती असण्याला कारण होतं. तुमसरला राहणारे त्यांचे थोरले बंधू भाऊराव यांची साखर अशीच चोरपावलांनी चढत गेली आणि मागच्या वर्षी उजव्या पायाची दोन बोटं घेऊन गेली. तेव्हापासून सर रोज आंघोळीला बसले की आपल्या पायांची बोटं मोजत. दहा भरली की आंघोळ संपली.

त्यांनी माधवीबाईंना फोन लावला. "अठ्ठ्याण्णव!" पलीकडून, "फोटो पाठवा." सरांनी पाठवला. पाच मिनिटांनी तिकडून फोन आला आणि आवाज एकदम नव्या नवरीचा. "मंग आज मी खुरमी करते. शाळेतून सीधे घरी या, इकडे तिकडे भटकत बसू नका." खुरमी म्हणजे गूळ-कणकेचा, तुपात तळलेला छत्तीसगढी ऐवज, माधवीबाई तो शेजारणीकडून शिकल्या होत्या आणि तीजा-पोळ्याला हमखास करायच्या. चार महिन्यांत या घरात त्याचं नावही निघालं नव्हतं. सरांनी तिसरी जिलबी उचलली. तेवढ्यात कोणीतरी वाकून त्यांच्या दोन्ही पायांना हात लावला.

"सर! ओळखलं का नाई? मोहित. अकरावी बी. पेंडुलमवाला."

एकतीस वर्षं शिकवल्यावर माणसाकडे अशा प्रसंगांसाठी एक तयार हसू असतं. ते सरांनी काढलं. "अरे, तू! कुठी आहेस आजकाल?"

"इथंच जी, मागच्या गल्लीत. पॅथॉलॉजीत टेक्निशियन आहो. सहा वर्षं झाले." पोरगा सत्तावीस-अठ्ठावीसचा, तेल लावून भांग पाडलेला, खिशाला दोन पेनं. सरांचा हात आपोआप खिशातल्या रिपोर्टकडे गेला. त्याच लॅबचा होता तो. ते काही बोलणार इतक्यात मोहितनं त्यांचा तो हात दोन्ही हातांत धरला. "सर, सच बताऊँ? शाळेत एवढं शिकलो, त्याच्यातलं काईच कामी नाई आलं. ना साइन थिटा, ना हल्दीघाटी. पण तुमची एक गोष्ट रोज कामी येऊन राहिली."

या एका वाक्यासाठी मास्तर लोक आयुष्यभर कान देऊन बसलेले असतात. बहुतेकांना ते ऐकू येत नाही, ते पेन्शन घेऊन गप्प बसतात. सरांनी जिलबी कागदावर ठेवली, बोटं पुसली. "कोणती रे?"

"मागून येणं!"

सरांना पटकन काही उमगलं नाही. मोहित उत्साहात सांगत सुटला. कधी मशीन अडते जी, कधी किट संपते, पण पाच वाजता रिपोर्ट तं द्यावाच लागते, लोक काउंटरवर उभे असतात. पहिले पहिले मी लई घाबरत होतो. मग एक दिवस तुमची आठवण आली. मागचा रिपोर्ट पाहायचा, वय पाहायचं, चेहरा पाहायचा, उत्तर पक्कं करायचं, अन् तिथून मागून यायचं. "अन् सर, एखादं रीडिंग..."

"थोडं बिघडलेलं ठेवायचं," सर म्हणाले. त्यांनी म्हटलं नव्हतं, तोंडच म्हणालं.

"हाव! मंजे खरं वाटते!" मोहितच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. त्यानं ठेलेवाल्याला हाक मारली. "भैया, ये हमारे सर हैं। इन्होंने ही बनाया हमको।" ठेलेवाल्यानं झारा थांबवून सरांकडे पाहिलं. मोहितची ड्यूटी लागायची वेळ झाली होती. तो पुन्हा एकदा पाया पडला. जाता जाता वळून म्हणाला, "अन् सर, तब्येतीचं काई टेन्शन घेऊ नका. तुमची तब्येत मस्तच आहे!" आणि गल्लीत दिसेनासा झाला.

याला माझी तब्येत कशी ठाऊक? हा प्रश्न सरांच्या डोक्यात स्कूटरला किक मारताना शिरला आणि मग स्कूटर चालू झाली तरी त्यांचा पाय किकवरच राहिला. त्यांनी रिपोर्ट पुन्हा काढला. अठ्ठ्याण्णव. कोलेस्टेरॉल ठीक. क्रिएटिनिन ठीक. आणि खाली, जाड अक्षरात, सात पॉइंट तीन. केसभर बाहेर. नेमकं तेवढंच बाहेर, जेवढं बाहेर असलं की वाचणारा मान डोलावतो आणि पुढे जातो. सरांनी आयुष्यात हजारो प्रॅक्टिकल फाइली तपासल्या होत्या, त्यातलं हे एक रीडिंग त्यांनी झोपेतही ओळखलं असतं. ते त्यांच्याच हातचं होतं. मांडीखालची स्कूटर धडधडत होती आणि सर मनातल्या मनात त्या रिपोर्टला दहापैकी दहा मार्क देत होते.

शाळेचा रस्ता दहा मिनिटांचा, पण त्या दिवशी प्रत्येक सिग्नल लाल लागला. प्रत्येक सिग्नलला सरांनी बुटातल्या बुटात बोटं हलवून पाहिली. डाव्या पायाची करंगळी जरा उशिरा हलली असं वाटलं. की नेहमीच उशिरा हलते? याआधी कधी लक्ष दिलं होतं? मोजली होती बोटं, हलवून कुठे पाहिली होती? आणि असं हे मन एकदा मागं वळलं की थांबत नाही, ते थेट एकतीस वर्षांपूर्वीच्या प्रयोगशाळेत जाऊन उभं राहिलं. त्या वेळी दिवाकर नावाचा एक तरणा मास्तर होता आणि त्याला वाटायचं की पोरांनी दोरीला गोळा बांधावा, झोके मोजावेत आणि पृथ्वी खाली किती ओढते ते स्वतः शोधून काढावं. पोरांनी शोधलं. कोणाची पृथ्वी साताने ओढत होती, कोणाची तेराने, आणि देवराव नावाच्या एका धडधाकट पोराची तर एकतीसने, त्या हिशेबानं तो पोरगा उभासुद्धा राहू शकला नसता. तपासणीला आलेल्या साहेबांनी फाइली चाळल्या आणि तरण्या मास्तराला सगळ्यांसमोर विचारलं, ही प्रयोगशाळा आहे का जत्रा? त्या वर्षी अकरा पोरं प्रॅक्टिकलमध्ये अडकली. त्यांतल्या तिघांचे बाप स्टील प्लांटात दिवाकरच्या बापाबरोबर एकाच शिफ्टला. बाप घरी येऊन जेवणाच्या ताटावर म्हणाला, "तुले इंजिनिअर नाई होता आलं, ठीक आहे. पण लोकाईच्या पोराईले कावून अडवून राहिला बापा?" पुढच्या वर्षापासून मास्तरानं पोरांना मागून यायला शिकवलं. उत्तर नऊ पॉइंट आठ, ते तर पुस्तकातच आहे. तिथून निघायचं, दोरीची लांबी घालायची, उलटं गणित करायचं, वीस झोक्यांना चाळीस पॉइंट एक सेकंद. मग लिहायचं चाळीस पॉइंट एक, चाळीस पॉइंट शून्य, आणि तिसरं मुद्दाम चाळीस पॉइंट तीन, म्हणजे खरं वाटतं. यात लबाडी होती असं सरांना कधी वाटलंच नाही. ती माया होती. तेव्हापासून त्यांच्या हाताखालच्या एकाही लेकराचा प्रॅक्टिकलमध्ये एक मार्क गेला नव्हता, आणि त्या मायेचा हिशेब आज सकाळी सरांच्या स्वतःच्या खिशात येऊन बसला होता.

शाळेच्या फाटकावर मोठ्या अक्षरात रंगवलं आहे: हम जीवन के लिए तैयार करते हैं. त्याखालून सर रोज जातात. आज त्यांनी मान जरा खाली घालून स्कूटर आत घेतली. आत गेल्या गेल्या प्रिन्सिपॉल अमरदीप सरांनी गाठलं. गृहस्थ हसतमुख, घाईत असणं हा त्यांचा स्वभाव. हातात चार पानी फॉर्म. वरून आला होता, चार वाजेपर्यंत भरून पाठवायचा होता, आणि त्याचं शीर्षक सरांनी दोनदा वाचलं: विद्यार्थियों को जीवन एवं कार्य हेतु तैयार करने में विद्यालय की भूमिका. "सर जी, टेन्शन नहीं लेने का। पिछले साल वाला ही उतार दो, तारीख बदल के।" दिवसात दुसऱ्यांदा कोणीतरी टेन्शन घेऊ नका म्हणालं होतं. सरांना वाटलं विचारावं, साहेब, तुम्हीही मागूनच येता का? पण ते तोवर दुसऱ्या कोणाला तरी गाठायला गेले होते.

पहिल्या तासापासून अकरावीची वार्षिक प्रॅक्टिकल होती. चाळीस पोरं, दहा स्टँड, दहा गोळे, आणि चावीचं स्टॉपवॉच मात्र एकच, ते सगळ्यांमध्ये फिरायचं. खरं तर फिरायचं कशाला, सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. गोळे आपापले झोके घेत होते आणि पोरं खाली माना घालून उलटी गणितं करत होती. वर्गात इतकी शांतता की एरवी सरांना अभिमान वाटला असता. आज त्यांना त्या चाळीस माना पाहून धडकी भरली. हा कोपऱ्यातला पुढे पूल बांधेल. ती खिडकीपाशी बसलेली डॉक्टरीण होईल. तो मागचा विमान दुरुस्त करेल, आणि रात्री घरी जायची घाई असली की त्याला सरांची आठवण येईल. सरांनी बुटात बोटं हलवली. त्यांच्या डोळ्यांसमोर भिलाईतली सगळी वजनं, सगळे मीटर, सगळ्या लिफ्टा, सगळे रिपोर्ट आले, आणि प्रत्येकामागे एकेक गुणी विद्यार्थी बसून मागून येत होता. दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन रक्त तपासून घ्यावं असं त्यांच्या मनात आलं. पण तिथंही कोणाचा तरी विद्यार्थी असणारच.

"सर."

उन्नती होती. केवलरामची नात. हा केवलराम आणि सरांचे वडील एकाच गावाकडचे, प्लांटात एकाच वेळी लागलेले. पोरगी वर्गात मैत्रिणींशी हिंदी बोलायची, वाचून दाखवताना इंग्रजी. पण सरांपाशी आली आणि आजूबाजूला कोणी नसलं की आवाज बारीक करून मराठीत यायची, जसं काही मराठी ही घरातच बोलायची गोष्ट आहे.

"सर, एक्केचाळीस पॉइंट पाच येऊन राहिलं."

"वीस झोक्यांना?"

"हो जी. तीनदा मोजलं. एक्केचाळीस पाच, एक्केचाळीस चार, एक्केचाळीस पाच."

"चाळीस पॉइंट एक यायला पाहिजे."

"पण येऊन नाई राहिलं."

"मग गुरुत्वाकर्षणाचा जी किती निघाला?"

"नऊ पॉइंट एक आठ."

इथं सरांनी थांबायला हवं होतं. सकाळची जिलबी अजून दातात होती, खिशात रिपोर्ट होता, फाटकाखालून मान खाली घालून आले होते. पण तीस वर्षांची सवय काही मालकाला विचारत नाही. तोंड उघडलं आणि म्हणालं, "मागून ये."

"मी असं कावून लिहू सर? मी मोजलं न."

"सगळे तसंच लिहितात, बेटा."

"मंग मोजायचं कावून?"

पोरगी भांडत नव्हती. तिला खरंच हवं होतं उत्तर, म्हणूनच ते अवघड होतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग जे सगळे मास्तर करतात ते त्यांनी केलं. म्हणाले, "जागेवर बस." उन्नती बसली. पण मान खाली घालून उलटं गणित करायच्या ऐवजी तिनं स्टॉपवॉच कानाशी धरलं आणि बराच वेळ ते ऐकत राहिली.

मधल्या सुट्टीत सर प्रयोगशाळेत एकटेच फॉर्म पुढ्यात घेऊन बसले होते. कलम एक: विद्यार्थी शाळेतून कोणती कौशल्ये घेऊन जातो? मागच्या वर्षी लिहिलं होतं: अनुशासन, आत्मविश्वास, समयपालन. त्याच्या मागच्या वर्षीही तेच. सर समयपालनापर्यंत उतरवत आले आणि दारात उन्नती उभी राहिली, धापा टाकत, एका हातात फाइल, दुसऱ्या हातात स्टॉपवॉच.

"सर, हे घड्याळ पुढं पळून राहिलं. बाहेरच्या भिंतीवरच्या घड्याळासंग लावून पाहिलं. तिथं साठ सेकंद झाले की इथं बासष्ट होते. चार वेळा पाहिलं."

सर उठले. ती म्हणते म्हणून विश्वास ठेवावा असा आजचा दिवस नव्हता. ते व्हरांड्यात गेले, भिंतीवरच्या घड्याळाखाली उभे राहिले, काटा बारावर आला तशी कळ दाबली. आजूबाजूनं पोरं डबे खात पळत होती आणि एक सत्तावन्न वर्षांचा माणूस मान वर करून एक मिनिट पुरा होण्याची वाट पाहत होता. भिंतीवर साठ झाले. हातात बासष्ट. पुन्हा लावलं, पुन्हा बासष्ट. आणि तिसऱ्यांदा काटा निम्म्यावर आला असताना सरांना तो आवाज ऐकू आला: धातूची वस्तू फरशीवर पडल्याचा, दहा वर्षांपूर्वीचा. अकरावी बी. तेल लावून भांग पाडलेला एक पोरगा घाबरून वाकला होता, घड्याळ उचलून कानाला लावत म्हणाला होता, "चालू आहे सर, काई नाई झालं." आणि अर्ध्या तासानं तोच पोरगा फाइल घेऊन टेबलापाशी आला होता. "सर, मले तं नऊ पॉइंट दोनच येऊन राहिलं." दिवाकर सरांनी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. दुसऱ्या कोणाची तरी फाइल तपासता तपासता म्हणाले होते, "मागून ये." पोरगा जरा वेळ तसाच उभा राहिला होता. मग गेला, आणि पाच मिनिटांत हसत हसत नऊ पॉइंट आठ घेऊन आला होता, आणि सर म्हणाले होते, "शाब्बास." तो मोहित होता. एवढी शाब्बासकी त्याला बहुधा कुठेच मिळाली नसावी, म्हणून तर ती त्यानं इतकी जपून ठेवली. आणि त्यानंतर दहा वर्षं, दरवर्षी चाळीस पोरं, म्हणजे चारशे फाइली, एका बिघडलेल्या घड्याळावर, सगळ्यांचं उत्तर नऊ पॉइंट आठ. घड्याळ बिघडल्याचं एकालाही कळलं नाही. सरांनाही नाही. कळणार कसं, त्याच्याकडे कोणी पाहिलं असेल तर ना. सरांना व्हरांड्यात उभ्या-उभ्या लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत वाटली.

ते आत आले तेव्हा उन्नतीनं फाइल उघडून टेबलावर ठेवली होती. "मंग मी हिशेब केला सर. बासष्टच्या जागी साठ." खाली तिनं लिहिलं होतं, एक ओळ खोडून, पुन्हा लिहून, पेन्सिलनं मग पेननं: घड्याळाची दुरुस्ती करून, 9.80. सरांनी तो आकडा पाहिला, त्यावर बोट ठेवून पुन्हा पाहिला. या खोलीत हा आकडा त्यांनी हजारो वेळा पाहिला होता, पण पुढच्या दारानं चालत आलेला पहिल्यांदाच पाहत होते. पोरगी मान तिरपी करून त्यांच्याकडे बघत होती. काहीतरी बोलायला हवं होतं, मोठं, लक्षात राहील असं. सरांनी लाल पेन काढलं.

"युनिट कुठं आहे?"

"अं?"

"नऊ पॉइंट ऐंशी काय? किलो? लिटर? मीटर पर सेकंद स्क्वेअर. अर्धा मार्क गेला."

"सर!" उन्नती ओरडली, पण हसतच. सरांनी साडेनऊ दिले, सही केली, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांना जरा पायाखाली जमीन आहे असं वाटलं. ती गेल्यावर त्यांनी फॉर्म पुढे ओढला. अनुशासन, आत्मविश्वास यांच्यापुढचं समयपालन त्यांनी खोडलं आणि त्या जागी लिहिलं: स्टॉपवॉच नवीन पाहिजे. चार वाजता अमरदीप सरांनी ते वाचलं, डोकं खाजवलं. "सर जी, ये तो रिक्वायरमेंट वाले फॉर्म में जाएगा।" सर म्हणाले, "नाही साहेब, इथंच." आणि बॅग उचलून निघाले.

घरी सरळ या असं बजावलेलं होतं, पण स्कूटर सिविक सेंटरकडे वळली. पाच वाजत आले होते. लॅबमध्ये गर्दी ओसरली होती, मोहित आतल्या खोलीत नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवत होता. सरांना पाहून तो उभाच राहिला. "सर, तुम्ही! बसा न, चहा बोलवू? बिनसाखरेचा—" आणि जीभ चावली.

सर स्टुलावर बसले. "मोहित, माझा रिपोर्ट तू केलास?"

मोहित लाजला. लग्नाची गोष्ट निघाल्यावर पोरं लाजतात तसा. "समजलं तुमाले? सात पॉइंट तीनवरून न? मले वाटलंच होतं सर ओळखतील."

"त्या दिवशी मशीन बंद होती?"

"नाई जी. मशीन चालू होती."

"किट संपली होती?"

"किट होती."

"मग?"

मोहितनं चिठ्ठी बोटावर फिरवली. "मशीनमधून आकडा आला. नाव पाहिलं, तं तुमचं. म्हणलं, सरांनी आमाले कधी फेल होऊ देलं का? मंग आपण सरांले कसं होऊ द्यायचं?"

सरांना रागवायचं होतं. दिवसभर स्कूटरवर, वर्गात, व्हरांड्यात त्यांनी या क्षणासाठी वाक्यं जमवली होती, बेजबाबदार, खेळ आहे का, पोलिसात दिलं पाहिजे. पण समोरच्या तोंडावर जी माया होती ती त्यांना फार ओळखीची होती. तीस वर्षं ती आरशात पाहून रोज शाळेत गेले होते. आता रागवायचं तर कोणावर? ते हळू आवाजात म्हणाले, "मोहित, ते तुझं नऊ पॉइंट दोन. अकरावीचं."

"हाव, आठवते न. तेव्हाच तं तुम्ही शिकवलं."

"ते बरोबर होतं. तुझं मोजणं बरोबर होतं. घड्याळ बिघडलं होतं. आज कळलं."

मोहितचा हात थांबला. चिठ्ठी बोटाला चिकटून राहिली. मग म्हणाला, "मंजे मी बरोबर होतो?" आवाज एकदम सोळा वर्षांच्या पोराचा.

"हो. माझंच चुकलं. मी पाहिलं नाही तुझ्याकडे." सरांनी घसा साफ केला. "अन् घड्याळ तूच पाडलं होतंस, ते वेगळं."

मोहित हसला, मग डोळे पुसले, मग दोन्ही एकदम करू लागला. सरांनी स्वेटरची बाही वर सारली. "सुई आण. माझी साखर पुन्हा पाहा."

"उपाशी नाई आहात सर. सकाळी जिलबी..."

"जसा आहे तसा पाहा. अन् त्या दिवशीचा खरा आकडा किती होता?"

"आता नाई आठवत, जी. मी खोडला."

बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर गेला. छोट्या यंत्राला आकडा सांगायला पाच सेकंद लागतात. सरांनी ते मोजले नाहीत, मोजणं त्यांना झेपलं नसतं. त्याच पाच सेकंदांत फोन वाजला. माधवीबाई. "कुठी आहा? चाळीस खुरम्या झाल्या, गरम गरम. दोन तं मी तुमच्या नावानं बाजूलेच ठेवल्या." मागं कढईचा आवाज येत होता आणि त्यांचा आवाज इतका आनंदी की सरांना फोन ठेववेना. यंत्र वाजलं. मोहितनं आकडा पाहिला, आणि यंत्र हळूच तळहाताखाली झाकलं. समोर कोरा फॉर्म होता. त्यानं पेन उघडलं, सरांकडे पाहिलं नाही.

"काय लिहू, सर?"

हे विचारणं फार प्रेमाचं होतं. एक शब्द बोलायचा, नव्हे, नुसतं गप्प बसायचं; खुरम्या गरम होत्या, माधवीबाई खूश होत्या, आणि बुटातली दहाही बोटं अजून जागेवर होती. अठ्ठ्याण्णव हा आकडा किती छान होता. सरांना तो हवा होता, पोटातून हवा होता, चारशे पोरांपैकी कोणालाही नऊ पॉइंट आठ एवढा हवा नसेल. फोनमध्ये माधवीबाई म्हणत होत्या, "ऐकून राहिले का?" सरांनी डोळे मिटले. डाव्या पायाची करंगळी हलवून पाहिली. उशिरा हलली.

"जे आलं ते लिही," ते म्हणाले.

तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. मोहितनं हात बाजूला केला, आणि सावकाश, एकेक आकडा नीट काढत लिहिलं: 214. मग त्यानं कागद सरांपुढे सरकवला. सरांना तुमसरचे भाऊराव आठवले, चाळीस खुरम्या आठवल्या, घरी गेल्यावर माधवीबाईंना काय सांगायचं हे मात्र काही केल्या आठवेना. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा पुसला, आकडा पुन्हा वाचला, आणि त्यांची बोटं खिशातलं लाल पेन चाचपू लागली.

"युनिट?"

मोहितनं जीभ चावली आणि पुढं मिलिग्रॅम पर डेसिलिटर लिहिलं.